वाचकांचे प्रश्न: फायर ब्रिगेडमध्ये नवीन रुजू होताना

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये बरीच पत्रं एकाच विषयावर होती, अग्निशमन दलात नुकतेच लागलेले किंवा लागणार असलेले तरुण आणि त्यांच्या घरचे. प्रोबेशनमध्ये नक्की काय बघतात, काय यायला पाहिजे, आणि हे सगळं जमेल का. त्यातले काही प्रश्न घेतलेत. मी स्वतः बरीच वर्षं नव्या मुलामुलींना ट्रेनिंग दिलंय, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे, उत्तर लांबलं तर समजून घ्या.

प्रश्न: सर, माझं सिलेक्शन झालंय, थोड्या दिवसांत ट्रेनिंग सुरू होईल. मी रोज पळतो आणि जिमलाही जातो, बेंच प्रेस चांगला मारतो. एवढं पुरेल ना?

पळतोस हे छान, ते सोडू नकोस. पण बेंच प्रेसचं कौतुक तिथे फारसं कोणी करणार नाही. हेल्मेट, कोट, पँट, बूट, पाठीवरचा बीए सेट (श्वासासाठी हवेचा सिलेंडर आणि मास्क) असं सगळं अंगावर चढलं की वीस किलोच्या वर वजन होतं, आणि हातात होज (पाण्याचा पाईप) किंवा कटर असेल तर ते वेगळं. अमेरिका-कॅनडात भरतीसाठी सीपीएटी नावाची टेस्ट वापरतात, त्यात साधारण २२.७ किलोचं जाकीट घालून जिना चढणं, होज ओढणं, शिडी उभी करणं, दार फोडणं, अंधाऱ्या बोगद्यातून रांगत जाणं, माणसाच्या वजनाचा पुतळा ओढणं अशी आठ कामं एकामागून एक १० मिनिटं २० सेकंदांत संपवायची असतात, आणि जिन्याच्या भागात तर खांद्यावर आणखी ११ किलोच्या आसपास वजन टाकतात. त्या टेस्टची कामं बघितलीस तर लक्षात येईल की जोर पायांत, कमरेत, पाठीत आणि हाताच्या पकडीत लागतो. म्हणून वजन घेऊन जिने चढ, जड वस्तू जमिनीवरून ओढत ने, रांगत जायचा सराव कर. बाकी सगळं त्यानंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे गरमी. तो कोट बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही तसाच आतला घामही वाळू देत नाही, मग शरीर आतून तापत जातं आणि हृदयाचे ठोके काम थांबलं तरी लवकर खाली येत नाहीत. अमेरिकेतल्या नोंदी बघितल्या तर ड्युटीवर मरण पावणाऱ्या फायरमनमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं कारण अचानक हृदय बंद पडणं हे राहिलंय, जळून किंवा कोसळून मरणं त्याच्या मागे. त्यामुळे झोप, पाणी, बीपी आणि सिगारेट हे विषयसुद्धा फिटनेसमध्येच धर.

आणि दमसास कशाला लागतो ते पण सांगतो. बीए सेटच्या ६.८ लिटरच्या सिलेंडरमध्ये ३०० बार दाबाला साधारण दोन हजार लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरली तर कागदावर ५० मिनिटं. पण जीव तोडून काम करताना माणूस मिनिटाला ८० लिटर, कधी त्याहून जास्त हवा ओढतो, म्हणजे वेळ निम्म्यावर आली, आणि त्यातही शेवटचा भाग बाहेर पडण्यासाठी राखून ठेवायचा असतो. ज्याचा दम चांगला त्याची हवा जास्त पुरते, आणि जोडीतल्या एकाची हवा संपत आली की दोघांनाही बाहेर यावं लागतं. म्हणून तुझा दमसास हा तुझ्या जोडीदाराचाही प्रश्न आहे.

प्रश्न: सर, मला स्टेशनला लागून काही महिने झाले. रोज तेच तेच चाललंय, होज गुंडाळ, गाडीतलं सामान तपास, फरशी पूस, शिड्या धू. आगीच्या कॉलवर नेतात पण मला हायड्रंटजवळ (रस्त्यावरच्या पाण्याच्या नळाजवळ) नाहीतर पंपाजवळ उभं करतात. बरोबरीचे मित्र विचारतात आग विझवलीस का, काय सांगू? माझ्यावर विश्वास नाही का यांचा?

विश्वास अजून नाहीये, आणि तो नसणं बरोबर आहे. राग मानू नकोस. तुला काय काय येतं ते अजून त्यांनी बघितलेलं नाही, आणि आत धुरात गेल्यावर ते बघत बसायला वेळ नसतो.

आता तू ज्याला तेच तेच म्हणतोस ते एकेक बघू. सामान तपासणं. रात्री, धुरात, आरडाओरडा चालू असताना ऑफिसर म्हणाला हॅलिगन (दार फोडायची पहार) आण, तर गाडीचं कोणतं शटर उघडायचं आणि कोणत्या खणात हात घालायचा हे तुझ्या हाताला माहीत पाहिजे, डोळ्यांना नाही. रोज तपासताना हेच हातात बसतं. मी तर मुलांना सांगायचो की शटर बंद ठेवून आधी तोंडी सांगा आत काय काय आहे, मग उघडून बघा. तू हे आजपासून कर. बीए सेटचं तर आणखी महत्त्वाचं, गेजवर प्रेशर किती, मास्कची सील चेहऱ्यावर बसते का (दाढी वाढवलीस तर बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो), हवा कमी झाल्यावर वाजणारी शिट्टी वाजते का, आणि हालचाल थांबली की साधारण अर्ध्या मिनिटात कर्कश वाजायला लागणारा तो अलार्म चालू आहे का. हे काल कोणीतरी बघितलं होतं म्हणून आज सोडून द्यायचं नाही. आज तो सेट तुझ्या पाठीवर आहे.

होज गुंडाळणं. नीट न गुंडाळलेला होज उलगडताना पीळ खातो, आणि एका ठिकाणी जरी मुडपला तरी पुढच्या माणसाच्या हातातलं पाणी गेलं. तो आत खोलीत गुडघ्यावर बसलेला असतो, समोर ज्वाळा, आणि नोझलमधून नुसती धार टपकते. बाहेर होजच्या लाईनवर फिरून पीळ सोडवणारा, कोपऱ्यावर होज अडकू न देणारा माणूस कोणाला दिसत नाही पण त्याच्यामुळेच आतलं काम होतं. हे काम बहुतेक वेळा नव्या माणसाकडे असतं.

हायड्रंटचंही तसंच. व्हॉल्व्ह हळू उघडायचा आणि हळूच बंद करायचा, हे तुला शिकवलं असेलच, पण का ते समजून घे. धावतं पाणी अचानक अडवलं की त्याचा सगळा जोर पाईपवर आणि कपलिंगवर येऊन आदळतो, होज फुटू शकतो, रस्त्याखालची पाईपलाईनसुद्धा तडकू शकते. नोझलही याच कारणाने झटक्यात बंद करत नाहीत. आणि पंपाजवळ उभं केलंय म्हणतोस, अरे तिथे उभं राहायला मिळतंय तर ऑपरेटरला विचार ना, आत्ता इतकंच प्रेशर का ठेवलंय? होजमधून पाणी दुप्पट सोडलं तर घर्षणात वाया जाणारं प्रेशर चौपट होतं, त्यामुळे लाईन किती लांब, किती मजले वर, किती नोझल चालू, यावर त्याचा हिशोब बदलत असतो. मोकळ्या टाकीतून किंवा विहिरीतून पाणी ओढायचं असेल तर पंप कितीही ताकदीचा असो, हवेचा दाब पाण्याला साधारण १०.३ मीटरच्या वर ढकलूच शकत नाही आणि प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरवरच दमछाक होते. हे पुस्तकात वाचून विसरायला होतं, पंपाजवळ उभं राहून विचारलेलं विसरत नाही.

फरशीबद्दल एवढंच म्हणेन की स्टेशन हे चोवीस तास एकत्र राहण्याचं घर आहे आणि घरातली कामं सगळ्यांची असतात. नवीन माणसाने स्वतःहून उठून हात लावला की बाकीचे त्याला शिकवायलाही स्वतःहून बसतात, हे मी कायम बघत आलोय. मात्र एक फरक लक्षात ठेव. मेहनतीची कामं देणं वेगळं आणि अपमान करणं वेगळं. कोणी जातीवरून, शरीरावरून, घरच्यांवरून बोलत असेल, झोपू देत नसेल, मुद्दाम धोक्याचं काम एकट्याला करायला लावत असेल तर त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. ते लिहून ठेव, तारखेसकट, आणि वरच्या ऑफिसरकडे जा. चांगल्या स्टेशनला हे चालत नाही.

मित्रांना काय सांगू म्हणतोस, सांग की पाणी मी पोचवलं.

प्रश्न: दहावीला विज्ञानात जेमतेम पास झालो होतो. ट्रेनिंगमध्ये आगीचं शास्त्र शिकवतात त्याची भीती वाटते. प्रॅक्टिकल चांगलं असलं तर चालतं ना?

नाही चालत, पण घाबरायचंही कारण नाही, कारण शाळेतलं विज्ञान आणि हे यात फरक आहे. इथे प्रत्येक धडा कुठल्यातरी दाराशी येऊन थांबतो. उदाहरणार्थ बंद खोलीत आग लागली, हवा संपत आली, ज्वाळा बसल्या पण खोली तापलेली आणि धुरात न जळलेला वायू भरलेला. तू दार सताड उघडलंस, हवा आत गेली, आणि सगळं एकदम पेटून तुझ्या अंगावर आलं. याला बॅकड्राफ्ट म्हणतात. म्हणून दार उघडायच्या आधी हात, डोळे, कान वापरायचे: दार गरम आहे का, फटीतून धूर धापा टाकल्यासारखा आतबाहेर होतोय का, काच काळी-तेलकट झालीय का.

दुसरा धडा फ्लॅशओव्हर. छताखाली साठलेला गरम थर ५००-६०० अंशांवर गेला की त्याच्या उष्णतेने खोलीतलं सगळं फर्निचर, गालिचा, पडदे जवळजवळ एकदम पेट घेतात. त्यात पूर्ण गियर घातलेला माणूससुद्धा काही सेकंदच टिकतो. आणि हल्ली हे लवकर होतं, कारण सोफा-गाद्यांमध्ये फोम आणि प्लास्टिक. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने शेजारी शेजारी दोन खोल्या पेटवून बघितल्या होत्या, एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापूस असलेलं सामान आणि दुसरीत आजचं. जुन्या खोलीला फ्लॅशओव्हरला अर्धा तास लागला आणि आजच्या खोलीला चार मिनिटंसुद्धा नाही. म्हणजे तुमची गाडी पोचते तेव्हा बहुतेकदा ती खोली त्या टप्प्यावर आलेली असते किंवा पुढे गेलेली असते. हे माहीत असलेला माणूस आत शिरताना वर छताकडे बघतो, माहीत नसलेला फक्त ज्वाळेकडे बघतो.

पाण्याचंही बघ. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० लिटर जागा व्यापते. ही वाफ आग दाबते, पण भसाभसा पाणी मारलंस आणि वाफेला बाहेर जायला वाट नसली तर तीच तुला आणि आत अडकलेल्या माणसाला भाजून काढते. म्हणून कुठे, किती आणि किती वेळ मारायचं हे शिकवतात. शिवाय मिनिटाला साडेचारशे लिटरच्या वर पाणी फेकणारं नोझल पंचवीस-तीस किलोच्या जोराने मागे ढकलत असतं, ते पकडून हे सगळं डोक्यात ठेवायचं. पाठ करू नकोस, प्रत्येक धड्याला विचार की याने मी काय वेगळं करणार. उत्तर मिळालं की तो धडा आला.

प्रश्न: माझी मुलगी नुकतीच फायर ब्रिगेडमध्ये लागली आहे. ती खूश आहे, पण आम्हा दोघांना रात्री झोप लागत नाही. नव्या मुलांना आगीत एकटं पाठवतात का हो?

नाही. एकटं कोणालाच पाठवत नाहीत, नव्याला नाही आणि वीस वर्षं झालेल्यालाही नाही. आत जाताना किमान दोघं, एकमेकांना दिसतील, ऐकू येतील किंवा हात लागेल इतक्या अंतरावर, आणि बाहेर त्यांना काढायला तयारीत आणखी दोघं. अमेरिकेत तर हे कामगार सुरक्षेच्या नियमातच लिहिलंय. कोण आत गेलं, किती वाजता गेलं, हवा किती होती हे बाहेर बोर्डावर लिहितात, आणि ठराविक वेळाने रेडिओवर विचारतात. तुमच्या मुलीला ट्रेनिंगमध्ये हेही शिकवतील की वाट चुकली, अडकली किंवा हवा कमी पडली तर लगेच मेडे द्यायचा, म्हणजे रेडिओवर तीनदा मेडे म्हणून कुठे आहे, कोण आहे, काय झालंय ते सांगायचं. संकोच करायचा नाही.

हे नियम इतके काटेकोर का पाळायचे ते तुमच्यापासून लपवत नाही. ३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेतल्या वूस्टर शहरात एका रिकाम्या कोल्ड स्टोरेजच्या इमारतीला आग लागली, आत बेघर माणसं असतील म्हणून शोधायला गेलेले दोन फायरमन खिडक्या नसलेल्या त्या इमारतीत धुरात वाट चुकले, त्यांना शोधायला गेलेले चौघंही परत आले नाहीत. सहा जण गेले. आणि आत बेघर माणसं नव्हतीच, ती आधीच बाहेर पडलेली होती. त्यानंतर या कामात शोधदोरी, हवेचा हिशोब आणि आता पुरे, कोणी आत जायचं नाही असं म्हणायची ताकद यावर जास्त भर दिला जाऊ लागला.

मुलीला घरी आल्यावर आज काय शिकलीस ते विचारत जा, भीती दाखवू नका. तिला तुमच्यासमोर दोरीच्या गाठी बांधायला सांगा, बोलाइन, क्लोव्ह हिच, फिगर एट. तिचा सराव होईल आणि तुम्हालाही दिसेल की पोरगी तयार होतेय.

प्रश्न: सर, हे कोणाला सांगितलं नाहीये. धुराच्या खोलीत सराव करताना मास्कमध्ये श्वास कोंडल्यासारखा झाला, छाती धडधडायला लागली, मी जवळजवळ मास्क ओढूनच काढला असता. कसाबसा बाहेर आलो, सगळ्यांना म्हणालो पट्टा सैल झाला होता. पुढच्या आठवड्यात परत तोच सराव आहे. मी या कामाच्या लायकीचा नाहीये का?

लायकीचा आहेस की नाही हे एका सरावावरून ठरत नाही. पण पट्ट्याची जी गोष्ट सांगितलीस ती पुढच्या आठवड्याच्या आत मागे घे. तुझ्या इन्स्ट्रक्टरला एकट्यात भेट आणि जसं मला लिहिलंयस तसंच सांग. अंधार, बंद मास्क, स्वतःच्याच श्वासाचा आवाज, हे शरीराला अनोळखी आहे आणि खूप जणांना पहिल्यांदा असंच होतं, इन्स्ट्रक्टरने तुझ्यासारखे कितीतरी बघितलेले असतात. त्यावर शिकवण्याची पद्धत पण आहे. आधी उजेडात मोकळ्या मैदानात मास्क लावून चालायचं, मग मास्क लावूनच होज गुंडाळणं-गाठी मारणं अशी साधी कामं, मग काच झाकून, मग अंधारात धुराशिवाय, आणि शेवटी धूर. श्वास नाकाने आत, तोंडाने लांब सोडत बाहेर, सोडताना हलकं गुणगुणलास तरी श्वास लांबतो आणि हवाही वाचते. आणि आत असताना हाताला काहीतरी काम दे. एक हात भिंतीवर, मनात मोजत जा, दार, खिडकी, कोपरा, पलंग. उजव्या भिंतीने आत गेलास तर तीच भिंत धरून वळून बाहेर येता येतं, हे ज्याला पक्कं माहीत असतं त्याचं मन तेवढं उधळत नाही.

एक गोष्ट मात्र कायमची. खऱ्या धुरात मास्क काढायचा नाही. कितीही गुदमरल्यासारखं वाटलं तरी नाही. मास्कमध्ये तुला हवा कमी वाटते, पण ती असते. बाहेर कार्बन मोनॉक्साइड आणि फोम-प्लास्टिक जळून होणारं हायड्रोजन सायनाइड आहे, काही श्वासांत माणूस कोसळतो.

आणि का सांगायला सांगतोय ते कळलं ना? तुझा जोडीदार तुझ्या भरवशावर आत जाणार आहे. तुला काय होतं हे त्याला माहीत असेल तर तो तुला सांभाळेल, माहीत नसेल तर तुम्ही दोघंही अडकाल. प्रोबेशन हे असलं सगळं बाहेर काढून दुरुस्त करण्यासाठीच असतं. ज्या पोरांनी मला येऊन सरळ सांगितलं की सर मला हे जमत नाहीये, त्यांची मला कधी काळजी वाटली नाही. जी गप्प बसायची त्यांची वाटायची. सरावानंतर काय झालं ते मला नक्की कळव.

प्रश्न: फायर ब्रिगेडला फर्स्ट एड किती येणं अपेक्षित असतं?

भरपूर. कितीतरी देशांत दलाला येणारे बहुतांश कॉल आगीचे नसून अपघात आणि आजारपणाचे असतात. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून श्वास देणं, झोपेतून उठवून विचारलं तरी आला पाहिजे: मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटीमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. रक्तस्राव दाबून थांबवणं, मानेला धक्का न लावता माणूस गाडीतून काढणं, भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली धरणं, हे सगळं त्यात आलं. पुतळ्यावर जितका सराव कराल तितका कमी.

प्रश्न: आमच्यातल्या जुन्या लोकांचे कोट काळे पडलेत, त्यांना त्याचा अभिमान आहे. मी आगीवरून आलो की माझा कोट धुवायला टाकतो तर हसतात. मी चुकतोय का?

अजिबात नाही, धूत राहा. ती काजळी म्हणजे नुसती राख नाही, त्यात जळलेल्या प्लास्टिकची आणि रसायनांची घाण असते आणि ती कातडीतून, श्वासातून अंगात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं काम हेच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो असा पुरेसा पुरावा असलेल्या गटात टाकलंय. आगीच्या जागेवरच कोट पाण्याने घासून घ्यायचा, मळका गियर झोपायच्या-जेवायच्या खोलीत न्यायचा नाही, मान आणि हात लगेच पुसायचे, परतल्यावर शक्यतो तासाभरात आंघोळ, आणि ज्वाळा विझल्यावर ढिगारे उपसताना मास्क काढायची घाई करायची नाही कारण विषारी वायू तेव्हाही असतात. मोठ्यांशी वाद घालू नकोस, त्यांनी फार कठीण काळात काम केलंय. तू तुझं करत राहा, आणि जमलं तर त्यांचाही हेल्मेट-कोट धुवून ठेव.

प्रश्न: मी सुतारकाम करतो, वय बसतंय म्हणून फायर ब्रिगेडचा फॉर्म भरतोय. शिक्षण जास्त नाही. माझ्या कामाचा काही उपयोग होईल का?

खूप होईल. १८२४ मध्ये एडिनबरोत जेम्स ब्रेडवुडने ब्रिटनमधलं पहिलं नगरपालिकेचं अग्निशमन दल उभं केलं तेव्हा त्याने मुद्दाम सुतार, गवंडी, प्लंबर, छपराची कामं करणारे अशी माणसं निवडली, कारण इमारत कशी बांधलेली असते हे त्यांना माहीत होतं आणि उंचीवर ती बिचकत नव्हती. पुढे लंडनच्या दलाचा प्रमुख मॅसी शॉने खलाशी पसंत केले, दोरीवर हात बसलेला आणि रात्री-अपरात्री हुकूम झाला की उठायची सवय. आजही दार कोणत्या बाजूला उघडतं, बिजागरी कुठे, कुलूप कुठे तोडायचं, कोणतं तुळईचं लाकूड जळून पोकळ झालंय आणि कुठल्या फळीवर पाय द्यायचा नाही हे तुमच्याइतकं लवकर बाकीच्यांच्या लक्षात येणार नाही. फॉर्ममध्ये कामाचा अनुभव सविस्तर लिहा, मुलाखतीतही सांगा.

फक्त एक, साईटवरच्या सवयी दाराबाहेर ठेवून या. कामावर तुम्ही शिडी जशी बसेल तशी लावत असाल, इथे ती साधारण ७५ अंशात लावतात, म्हणजे चार मीटर उंचीला पाया एक मीटर बाहेर, खाली एक माणूस धरायला, आणि वर काम करताना पाय किंवा पट्टा अडकवलेला. हे येतंच म्हणून सोडू नका, पहिल्या दिवसापासून शिका. फॉर्मची शेवटची तारीख परत एकदा बघून घ्या आणि मेडिकलच्या आधी डोळे तपासून घ्या.